संगणकातील साठ्यांची जोडणी व तिचे सहा रकान्यांचे कोष्टक

शाळेचे दप्तर सुरक्षित ठेवणे ही मुख्याध्यापकावरील एक मोठी जबाबदारी होय. जनरल रजिस्टर, हजेरीपट, निकालपत्रके, शाळा सोडल्याचे दाखले या कागदांवर मुलांचे पुढील शिक्षण, त्यांची नोकरी व कित्येकदा जन्मतारखेचा पुरावादेखील अवलंबून असतो. यांपैकी पुष्कळशी माहिती आता संगणकातही ठेवली जाते. यंत्र बिघडले तरी माहिती नष्ट होऊ नये म्हणून जाणते शिक्षक दुसरी एक डिस्क घेऊन तीत प्रत ठेवतात. हा हेतू स्तुत्य आहे. परंतु तो सिद्धीस जाण्यासाठी एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. डिस्क तारेने यंत्राला लावणे निराळे आणि तिच्यातील फाइली यंत्राच्या व्यवहारात येणे निराळे. या दोहोंच्या मध्ये एक पायरी आहे. तिला संगणकशास्त्रात ‘माउंट करणे’ असे म्हणतात; प्रस्तुत लेखात तिला आपण ‘जोडणी’ म्हणू.

ही जोडणी कोठे, कशी व कोणत्या अटींवर व्हावी, हे लिनक्स या प्रणालीत एका लहानशा कोष्टकात लिहून ठेवावयाचे असते. कोष्टक बरोबर असेल तर यंत्र रोज सकाळी आपले काम बिनबोभाट करते. ते चुकीचे असेल तर यंत्र पुरते सुरूच होत नाही. किंवा सुरू होते, पण आपली प्रत भलत्याच जागी पडत राहते, आणि ही दुसरी आपत्ती पहिलीपेक्षा अधिक घातक आहे. सबब ज्या शाळांत लिनक्स चालणारा संगणक आहे, तेथील शिक्षकबंधुभगिनींनी हा विषय मुळापासून समजून घ्यावा, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

एक सूचना आरंभीच द्यावयाची ती ही की, यंत्राच्या आज्ञा रोमन लिपीत लिहावयाच्या असतात. या लेखात जेथे अक्षरे आडव्या रेघांनी तोडून लिहिली आहेत, तेथे ती रोमन अक्षरांची नावे समजावीत. उदाहरणार्थ, ‘एफ-एस-टी-ए-बी’ म्हणजे पाच रोमन अक्षरांचा एक शब्द. तो यंत्रावर लहान लिपीत, मधल्या रेघा न घालता लिहावयाचा.

१. साठा आणि फाइलव्यवस्था

डिस्क ही यंत्राच्या दृष्टीने क्रमांक घातलेल्या खणांची एक लांबच लांब रांग असते. प्रत्येक खणात ५१२ किंवा ४०९६ बाइट एवढी माहिती मावते. कोणत्या खणात काय आहे, हे त्या खणावर लिहिलेले नसते. इयत्ता चौथीचा निकाल कोणकोणत्या खणांत विखुरला आहे, त्या फाइलीचे नाव काय, ती कोणाच्या मालकीची, केव्हा बदलली, याची नोंद ठेवणारी एक योजना त्याच डिस्कवर लिहिलेली असते. या योजनेला ‘फाइलव्यवस्था’ म्हणतात. ग्रंथालयात पुस्तके कितीही असोत, यादी व कपाटांचे क्रमांक नसतील तर हवे ते पुस्तक सापडत नाही. फाइलव्यवस्थेचे कार्य त्या यादीसारखेच आहे.

फाइलव्यवस्था अनेक प्रकारच्या आहेत. लिनक्सवर ‘ई-एक्स-टी-४’ हा प्रकार विशेष रूढ आहे. विंडोज प्रणालीत ‘एन-टी-एफ-एस’ हा असतो. पेनड्राइव्हवर बहुधा ‘एफ-ए-टी’ कुळातील प्रकार आढळतो. एका डिस्कचे दोन-तीन विभाग पाडून प्रत्येकात स्वतंत्र फाइलव्यवस्था निर्माण करता येते. म्हणून जोडणी होते ती वस्तुतः डिस्कची नसून तिच्या विभागातील फाइलव्यवस्थेची होय. सोयीसाठी आपण अशा प्रत्येक विभागास ‘साठा’ म्हणू.

२. एक वृक्ष, अनेक साठे

विंडोज प्रणालीत प्रत्येक साठ्यास बहुधा एक स्वतंत्र अक्षर मिळते: सी, डी, ई इत्यादी. वापरणाऱ्यास किती साठे आहेत व कोणती फाइल कोणत्या साठ्यात आहे, हे त्या अक्षरांवरून दिसते. लिनक्सची रीत याहून वेगळी आहे. तेथे सर्व फाइलींचा मिळून एकच वृक्ष असतो. त्याच्या मुळास नाव नाही. ते केवळ एका तिरप्या रेघेने ‘/’ असे दर्शवितात. मुळापासून फांद्या निघतात, फांद्यांना उपफांद्या फुटतात, आणि प्रत्येक फाइल अशा एखाद्या मार्गाच्या टोकाला असते.

दुसऱ्या डिस्कवरील फाइलव्यवस्था हाही एक स्वतंत्र वृक्षच असतो. त्यास मुख्य वृक्षाच्या एखाद्या फोल्डरच्या ठिकाणी बसविणे, हीच जोडणी. आंब्याचे कलम बांधणाऱ्यास ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. खुंट एका झाडाचा, डोळा दुसऱ्या झाडाचा. पण एकदा बांधले की पाहणाऱ्यास झाड एकच. फरक इतकाच की, संगणकातील हे कलम इच्छेनुसार सोडवून दोन्ही वृक्ष पूर्ववत् वेगळे करता येतात.

ज्या फोल्डरच्या ठिकाणी नवा साठा बसतो त्यास ‘जोडणीस्थान’ म्हणू. ते आधी अस्तित्वात असावे लागते. समजा, मुख्य वृक्षात ‘/अभिलेख’ नावाचे रिकामे फोल्डर केले आणि दुसऱ्या डिस्कवरील साठा तेथे जोडला, तर ‘/अभिलेख’ उघडताच त्या डिस्कवरील फाइली दिसू लागतात. (फोल्डरचे नाव देवनागरीत ठेवण्यास लिनक्सची हरकत नसते.)

येथे एक नियम ध्यानात घ्यावा. पुढील विवेचनाचा सर्व भार त्यावर आहे. जोडणीपूर्वी त्या फोल्डरमध्ये काही फाइली असतील, तर जोडणी होताच त्या झाकल्या जातात. त्या नष्ट होत नाहीत. परंतु साठा तेथे जोडलेला असेतोवर नेहमीच्या मार्गाने त्या दिसतही नाहीत. साठा विलग केला की त्या पुन्हा प्रकट होतात.

३. ही पद्धत कशी आली

ही रीत लिनक्सने शोधलेली नाही. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनी युनिक्स या प्रणालीच्या कामास आरंभ केला. त्या प्रणालीची पहिली नियमपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची असून तीत जोडणीची आज्ञा नमूद आहे. त्या काळी डिस्कांच्या जड चकत्या व फितींची रिळे यंत्रचालक हातांनी यंत्रावर चढवीत व उतरवीत. चढविण्याच्या या कृतीसाठी इंग्रजीत जे क्रियापद होते तेच आज्ञेचे नाव झाले. रिची व टॉम्प्सन यांनी जुलै १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात जोडणीचे वर्णन करताना म्हटले आहे की, वृक्षाच्या एका पानाच्या जागी एक संपूर्ण नवा उपवृक्ष येतो.

प्रारंभी यंत्र सुरू होताना चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलीतच जोडणीच्या आज्ञा लिहीत असत. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत तयार झालेल्या व १९८० मध्ये प्रसृत झालेल्या युनिक्सच्या चौथ्या बर्कली आवृत्तीत या नोंदींसाठी स्वतंत्र कोष्टक आले. त्याचे नाव ‘एफ-एस-टी-ए-बी’, म्हणजे फाइलव्यवस्थांचे कोष्टक. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिण्यास प्रारंभ केला. त्यावर उभ्या राहिलेल्या प्रणालींनीही हेच कोष्टक स्वीकारले. ‘ई-टी-सी’ नावाच्या फोल्डरमध्ये ते आजही असते, आणि कोणत्याही साध्या लेखन-साधनाने उघडून वाचता येते.

४. सहा रकाने

रजिस्टरे भरण्याची सवय असलेल्या शिक्षकास हे कोष्टक अपरिचित वाटणार नाही. एका साठ्यासाठी एक ओळ, व प्रत्येक ओळीत सहा रकाने. रकान्यांमध्ये उभ्या रेघा नसतात. मोकळी जागा हाच विभाजक. ज्या ओळीच्या आरंभी ‘#’ हे चिन्ह असते ती ओळ यंत्र वाचत नाही. तेथे आपल्यासाठी टीप लिहावी.

पहिला रकाना: कोणता साठा जोडावयाचा, त्याची ओळख.

दुसरा रकाना: कोठे जोडावयाचा, म्हणजे जोडणीस्थान. उदाहरणार्थ ‘/अभिलेख’. या नावात मोकळी जागा ठेवू नये. कारण मोकळी जागा येताच रकाना संपला असे यंत्र समजते.

तिसरा रकाना: फाइलव्यवस्थेचा प्रकार. उदाहरणार्थ ‘ई-एक्स-टी-४’.

चौथा रकाना: जोडणीच्या अटी. अनेक अटी असल्यास त्यांमध्ये केवळ स्वल्पविराम द्यावा. स्वल्पविरामानंतर सवयीने मोकळी जागा सोडली, तर पुढील अट पाचव्या रकान्यात गेली असे यंत्रास वाटते. ही चूक फार वारंवार घडते.

पाचवा रकाना: ‘डंप’ नावाच्या जुन्या प्रतीकरण-साधनासाठी असलेली खूण. त्या साधनाचा वापर होत नसेल तेथे शून्य लिहावे.

सहावा रकाना: यंत्र सुरू होताना साठ्याची तपासणी कोणत्या क्रमाने व्हावी, याचा अंक. मूळ साठ्यासाठी १, इतर साठ्यांसाठी २, आणि तपासणी नको असल्यास ०.

तात्पर्य, आपल्या उदाहरणातील ओळ वाचून दाखवावयाची तर ती अशी होईल: “अमुक ओळखक्रमांकाचा साठा, ‘/अभिलेख’ या जागी, ई-एक्स-टी-४ प्रकाराचा म्हणून, सामान्य अटींवर जोडावा, डंप शून्य, तपासणी दुसऱ्या क्रमाने.” कोष्टकात आधीच असलेल्या ओळी नमुन्यादाखल पाहाव्या, म्हणजे लेखनाची पद्धत सहज ध्यानात येईल.

५. हजेरीक्रमांक आणि रजिस्टर क्रमांक

पहिल्या रकान्यात साठ्याची ओळख कशी द्यावी, हा महत्त्वाचा प्रश्न आहे. यंत्र सुरू होताना ज्या डिस्का सापडतील त्यांना लिनक्स क्रमाने नावे देते. पहिली ‘एस-डी-ए’, दुसरी ‘एस-डी-बी’, तिसरी ‘एस-डी-सी’, आणि विभागांसाठी पुढे अंक. ही नावे सुटसुटीत आहेत. परंतु ती सापडण्याच्या क्रमावर अवलंबून असल्यामुळे स्थिर नाहीत. एखादा पेनड्राइव्ह लावलेला असताना यंत्र सुरू केले, किंवा तारांची अदलाबदल झाली, तर काल जी ‘एस-डी-बी’ होती ती आज ‘एस-डी-सी’ होऊ शकते.

हा भेद शिक्षकास सहज कळेल. वर्गातील हजेरीक्रमांक दरवर्षी बदलतो. नवे मूल आले, कोणी शाळा सोडून गेले, की क्रम हलतो. जनरल रजिस्टरातील क्रमांक मात्र मूल त्या शाळेत असेपर्यंत तोच राहतो. म्हणूनच दाखल्यावर रजिस्टर क्रमांक लिहितात, हजेरीक्रमांकावर भिस्त ठेवीत नाहीत.

साठ्यासही असा स्थिर क्रमांक असतो. फाइलव्यवस्था निर्माण होते त्याच वेळी तो तिच्यात कोरला जातो. त्याचे नाव ‘यू-यू-आय-डी’. ई-एक्स-टी-४ प्रकारात तो १२८ बिटांचा असून ३२ चिन्हांनी लिहितात. त्या चिन्हांचे पाच गट पडतात: ८, ४, ४, ४ व १२. पेनड्राइव्हवरील एफ-ए-टी प्रकारात ही खूण आठच चिन्हांची असते. साठा कोणत्याही तारेने लावला तरी हा क्रमांक बदलत नाही. तो जाणण्यासाठी ‘बी-एल-के-आय-डी’ ही आज्ञा द्यावी. उत्तरातील क्रमांक हाताने उतरवून घेण्यापेक्षा तेथूनच उचलून कोष्टकात बसवावा, म्हणजे एखादे चिन्ह चुकण्याचे भय राहत नाही.

दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. साठा पुसून त्यावर नवी फाइलव्यवस्था केली की क्रमांक नवा मिळतो, आणि कोष्टकातील जुना क्रमांक निरर्थक होतो. उलट एका डिस्कची खणाबरहुकूम नक्कल दुसऱ्या डिस्कवर केली तर दोहोंचा क्रमांक एकच होतो. अशा दोन डिस्का एकाच वेळी लावून ठेवू नयेत.

६. अटींचा रकाना

चौथ्या रकान्यात ‘डिफॉल्ट्स’ एवढा एक शब्द लिहिला तर सामान्य अटी लागू होतात. त्यांचा इत्यर्थ असा की, साठा वाचता व लिहिता यावा, त्यातील कार्यक्रम चालविता यावेत, यंत्र सुरू होताना तो आपोआप जोडला जावा, आणि त्याची जोडणी वा विलगीकरण सामान्य वापरणाऱ्याने करू नये. या खेरीज पुढील अटी शाळेच्या कामी उपयोगी पडतात.

‘आर-ओ’ ही अट घातली असता साठा केवळ वाचता येतो. जुन्या वर्षांचे निकाल व दाखल्यांची चित्रे असलेला साठा अशा रीतीने जोडला, तर मुलांच्या हातून चुकून काही पुसले जाण्याचा धोका टळतो.

‘एन-ओ-ए-यू-टी-ओ’ या अटीमुळे साठा आपोआप जोडला जात नाही. आज्ञा दिल्यावरच जोडला जातो.

‘एन-ओ-ई-एक्स-ई-सी’ या अटीने साठ्यातील कार्यक्रम परभारे चालविण्यास प्रतिबंध होतो. केवळ कागदपत्रे ठेवावयाच्या साठ्यास ही अट योग्य होय.

‘एन-ओ-एफ-ए-आय-एल’ ही अट घातली असता, साठा हजर नसला तरी यंत्र अडून बसत नाही. हिचा विचार पुढील परिच्छेदात स्वतंत्रपणे केला आहे.

मराठी शाळांच्या दृष्टीने आणखी एका अटीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. एफ-ए-टी प्रकारचा साठा कोष्टकातून जोडताना अक्षरसंच सांगितला नाही, तर काही यंत्रांवर ‘निकालपत्रक’ किंवा ‘हजेरी’ अशा देवनागरी नावांच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे दिसतात. अशा वेळी फाइल बिघडली असे समजून ती पुसून टाकू नये. अटींच्या रकान्यात ‘यू-टी-एफ-८’ एवढे लिहून पुन्हा जोडणी केली की नावे नीट दिसू लागतात. याच प्रकारात फाइलींच्या मालकीची नोंद ठेवण्याची सोय नाही. तसेच पेनड्राइव्हवर रूढ असलेल्या एफ-ए-टी-३२ मध्ये ४ जीबी वा त्याहून मोठी फाइल मावत नाही. म्हणून कायमच्या साठ्यासाठी ई-एक्स-टी-४ हाच प्रकार पसंत करावा.

७. दोन आपत्ती आणि त्यांचे निवारण

पहिली आपत्ती अशी. कोष्टकात बाहेरच्या डिस्कची ओळ आहे; सुटीत कोणी ती डिस्क काढून कपाटात ठेवली; शाळा उघडल्यावर यंत्र सुरू केले. आज बहुतेक लिनक्स प्रणालींचा प्रारंभ ‘सिस्टिमडी’ या व्यवस्थापकाच्या हाती असतो. तो कोष्टक वाचतो, डिस्कची वाट पाहतो, आणि विशेष काही सांगितले नसेल तर ९० सेकंदांनंतर आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन थांबतो. पडद्यावर नेहमीचे दृश्य न येता काळ्या पार्श्वभूमीवर काही ओळी व परवलीच्या शब्दाची मागणी एवढेच दिसते. यंत्र बिघडलेले नसते. सांगितलेला साठा सापडत नाही एवढेच त्याचे म्हणणे असते. डिस्क लावून यंत्र पुन्हा सुरू करावे. ते शक्य नसल्यास जाणकाराने मुख्य व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द देऊन कोष्टक उघडावे, त्या ओळीच्या आरंभी ‘#’ हे चिन्ह घालावे व यंत्र पुन्हा सुरू करावे.

ही अडचण टाळण्यासाठीच ‘एन-ओ-एफ-ए-आय-एल’ ही अट आहे. काढता येण्यासारख्या प्रत्येक साठ्यास ती लावावी.

परंतु ही अट लावताच दुसऱ्या आपत्तीचा मार्ग मोकळा होतो. डिस्क हजर नाही, तरी यंत्र काहीही तक्रार न करता सुरू झाले. ‘/अभिलेख’ हे फोल्डर तर मुख्य वृक्षात आहेच. शिक्षकाने नेहमीप्रमाणे निकालपत्रकाची प्रत त्यात ठेवली. यंत्राने ती स्वीकारली. ती प्रत गेली कोठे? दुसरी डिस्क नाहीच. म्हणजे ती मूळ डिस्कवरच, मूळ फाइलीच्या शेजारी जाऊन बसली. महिनोन् महिने असेच चालले आणि एके दिवशी मूळ डिस्क निकामी झाली, तर मूळ व प्रत दोन्ही एकदमच जातात. मध्यंतरी कोणी दुसरी डिस्क पुन्हा लावली, तर वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे त्या प्रती झाकल्या जातात आणि शिक्षकास वाटते, आपण ठेवलेल्या प्रती गेल्या कोठे?

या आपत्तीवर उपाय तीन आहेत.

(अ) जोडणी झालेली नसताना ‘/अभिलेख’ या रिकाम्या फोल्डरची मालकी मुख्य व्यवस्थापकाकडे ठेवावी आणि सामान्य वापरणाऱ्यास त्यात लिहिण्याची परवानगी देऊ नये. साठा जोडला की त्या साठ्याच्या स्वतःच्या परवानग्या लागू होतात. तेथे मात्र शिक्षकास लिहिण्याची परवानगी असावी. असे केल्यास डिस्क नसताना प्रत ठेवू लागताच यंत्र नकार देते, आणि चूक त्याच क्षणी उघड होते.

(आ) दुसऱ्या डिस्कवर एक छोटी फाइल करून तिचे नाव ‘ही दुसरी डिस्क आहे’ असे ठेवावे. प्रत ठेवण्यापूर्वी ती फाइल दिसते की नाही, हे पाहावे.

(इ) शंका आल्यास ‘डी-एफ’ ही आज्ञा लिहून पुढे मोकळी जागा सोडून फोल्डरचा मार्ग लिहावा. उत्तराच्या शेवटच्या रकान्यात ‘/अभिलेख’ आले तर जोडणी आहे. केवळ ‘/’ आले तर फोल्डर मूळ साठ्यावरच आहे, हे निश्चित समजावे.

८. कोष्टकात बदल करण्याची शिस्त

कोष्टक बदलण्याचा अधिकार यंत्राच्या मुख्य व्यवस्थापकास असतो. त्याने पुढील क्रम सोडू नये.

(१) प्रथम कोष्टकाची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवावी.
(२) नवी ओळ लिहावी व तिच्या वर ‘#’ घालून दिनांक आणि कारण नमूद करावे. आपली बदली झाल्यावर येणाऱ्या शिक्षकास ही टीपच मार्गदर्शक होते.
(३) ‘सिस्टिमसीटीएल’ या आज्ञेने व्यवस्थापकास कोष्टक पुन्हा वाचावयास लावावे. त्यासाठी तिच्यापुढे ‘डीमन-रीलोड’ हा शब्द लिहावयाचा असतो.
(४) ‘एफ-आय-एन-डी-एम-एन-टी’ ही आज्ञा, पुढे दोन आडव्या रेघा जोडून ‘व्हेरिफाय’ हा इंग्रजी शब्द, अशी द्यावी. ओळीतील दोष यंत्र स्वतः दाखविते.
(५) ‘माउंट’ ही आज्ञा, पुढे एक आडवी रेघ व ‘ए’ हे अक्षर, अशी द्यावी. कोष्टकातील आपोआप जोडावयाचे सर्व साठे यंत्र तत्काळ जोडू पाहते. तक्रार आली तर ती येथेच येते, आणि ओळ दुरुस्त करण्यास यंत्र हाताशी चालू असते.
(६) हे सर्व निर्दोष झाल्यावर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करून पाहावे. हे काम परीक्षेच्या किंवा ऑनलाइन माहिती भरण्याच्या अखेरच्या दिवशी करू नये. पुरेसा अवकाश असताना करावे.

९. विलग केल्यावाचून काढू नये

जोडणीइतकेच विलगीकरणही महत्त्वाचे आहे. आपण फाइल जतन केली म्हणजे ती त्याच क्षणी डिस्कवर उतरली, असे नसते. कामाचा वेग वाढावा म्हणून यंत्र लिहावयाची माहिती काही काळ आपल्या तात्पुरत्या स्मरणात ठेवते व सवडीने डिस्कवर उतरविते. तेवढ्यात कोणी पेनड्राइव्ह उपटला, तर फाइल अर्धवट राहते. इतकेच नव्हे, तर खणांची यादीच विसंगत होऊन इतर फाइलीही सापडेनाशा होऊ शकतात.

विलग करण्याची आज्ञा ‘यू-एम-ओ-यू-एन-टी’ अशी आहे. इंग्रजी शब्दातील पहिला ‘एन’ येथे गाळलेला आहे, हे ध्यानात ठेवावे. चित्रमय पडद्यावर पेनड्राइव्हच्या नावापुढील खुणेवर टिचकी मारूनही हे होते. आज्ञा मिळताच यंत्र शिल्लक माहिती डिस्कवर उतरविते आणि नंतरच साठा मोकळा करते. साठा वापरात असल्याचे सांगून यंत्राने नकार दिला, तर त्या साठ्यातील एखादी फाइल उघडी आहे, किंवा कोणता तरी कार्यक्रम त्या फोल्डरमध्ये उभा आहे, असा अर्थ घ्यावा. ते बंद करून पुन्हा आज्ञा द्यावी.

१०. वर्गात ही कल्पना कशी द्यावी

वरच्या इयत्तांतील मुलांस ही कल्पना यंत्राविना देता येते. फळ्यावर मुळापासून फांद्या काढून ‘शाळा’, ‘इयत्ता’, ‘निकाल’ अशी नावे द्यावीत. एका फांदीच्या टोकाशी खडूने ‘जुनी चिठ्ठी’ असे लिहावे. नंतर पुठ्ठ्यावर काढलेला दुसरा छोटा वृक्ष त्याच टोकावर टाचणीने लावावा. मुलांस मुळापासून पुठ्ठ्यावरील पानापर्यंतचा मार्ग बोटाने दाखवावयास सांगावे. मार्ग कोठेही तुटत नाही, हे त्यांच्या ध्यानी येईल. मग विचारावे, “जुनी चिठ्ठी कोठे गेली?” पुठ्ठा काढताच ती पुन्हा दिसते. झाकणे व नष्ट होणे यांतील भेद मुले या एका कृतीने कायमचा शिकतात. शेवटी पुठ्ठा काढून ठेवून एका मुलास ‘पुठ्ठ्यावरच्या पानावर’ नाव लिहावयास पाठवावे. ते थेट फळ्यावर लिहू लागले, तर इतर मुलेच त्यास थांबवतील, आणि वर वर्णिलेली दुसरी आपत्ती त्यांना आपोआप उमगेल.

११. उपसंहार

वरील विवेचनाचा सारांश असा. साठा स्थिर क्रमांकाने ओळखावा. जोडणीस्थान रिकामे व सामान्य वापरणाऱ्यास लेखनास बंद ठेवावे. काढता येण्यासारख्या साठ्यास ‘एन-ओ-एफ-ए-आय-एल’ ही अट लावावी, आणि ती लावली म्हणूनच प्रत ठेवण्यापूर्वी जोडणी आहे याची प्रत्येक वेळी खात्री करावी. कोष्टक बदलल्यावर ते तपासल्याखेरीज यंत्र बंद करू नये. साठा विलग केल्यावाचून काढू नये.

पूर्वी शाळेच्या दप्तराचे रक्षण म्हणजे कपाटाचे कुलूप, वाळवीपासून जपणूक व पावसाळ्यात छपराकडे लक्ष, एवढे होते. ती कामे आजही आहेतच; त्यांत या एका कोष्टकाची भर पडली आहे. वीस वर्षांनी एखादा विद्यार्थी दाखल्याची प्रत मागावयास येईल तेव्हा ती त्याच्या हाती पडावी, यासाठी या चार-दोन ओळी काळजीपूर्वक लिहिणे व वेळोवेळी तपासणे हे दप्तराच्याच कामाचा भाग समजावे.